अनुभव धागा: अख्ख्या वर्गाचा एक आकाशकंदील (आणि एक किल्ला)

सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्यामधल्या चार-पाच दिवसांसाठी हा धागा. घरून करून आणलेली, म्हणजे खरं तर आईबाबांनी जागून केलेली वस्तू इथे नको. सगळ्या वर्गाने मिळून एकच वस्तू करायची असेल तर सामान किती, कामाची वाटणी कशी, फसतं कुठे, एवढंच लिहा.

कामटी
पारंपरिक कंदील गटकामाला फार सोयीचा, कारण तो सहा सारख्या चौकोनांचाच बनतो. सहा गट करा, प्रत्येकाला चार कामट्या द्या. कामटी 9 इंचांची, दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडून पेन्सिलीची खूण. खुणेवर खूण ठेवून दोऱ्याने फुली बांधली की 8 इंचांचा चौकोन तयार.

जोडताना चार चौकोन कोपऱ्यावर उभे धरा, शंकरपाळ्यांसारखे, आणि बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून रिंगण करा. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन आडवा, खालच्या चार टोकांना सहावा. 24 कामट्या, 12 सांधे. मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते पाहून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता भानगडी. एका गटाचा चौकोन दोन-तीन सूत लहान झाला तरी शेवटचा सांधा जुळत नाही आणि ओढाताणीत कामटी मोडते. म्हणून खुणा मोजपट्टीने करू नका, पुठ्ठ्याची एकच पट्टी सहाही गटांत फिरवा. दुसरं, त्रिकोण हलत नाही पण चौकोन तिरका होतो. गटाकडून चौकोन ताब्यात घेतानाच दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सव्वा अकरा इंच हवेत. आले की तिथेच दोरा ताणून कर्ण बांधून टाका. वरच्या चौकोनातल्या दोऱ्यांच्या फटीतून बल्ब सहज जातो.

मधलीसुट्टी
वरचं सगळं पाचवीच्या पुढे. तिसरी-चौथीत कामट्या नकोत, कूस बोटात गेली की तास संपला. द्यायच्याच असतील तर आदल्या दिवशी पॉलिश पेपर मारून ठेवा. त्यापेक्षा वर्तमानपत्राचं अर्धं पान विणायच्या सुईवर कोपऱ्यातून तिरकं गुंडाळून नळ्या करा. दोन्ही मऊ टोकं कापून बरोबर 8 इंच ठेवा. नळीला नळी बांधायला जाऊ नका, चेपते. चार नळ्यांतून दोरा ओवून गाठ मारा, चौकोन झाला. कर्णाचा दोरा इथे जास्तच गरजेचा.

खळवाले
कंदील बिघडतो तो कागद लावताना, आणि दोष बहुतेक वेळा खळीचा असतो. चार चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग एक कप पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. पूर्वी खळीत मोरचूद घालत; ते विष आहे, मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा रोज ताजी करा.

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की बोट आरपार जातं, वर लाल-जांभळ्याचा रंग सुटतो आणि शेजारचा पिवळा कागद डागाळतो. म्हणून आधी फिके कागद, मग गडद. चार चौकोन आणि आठ त्रिकोण, अर्धा इंच जास्तीचा कागद कामटीवर दुमडायला. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा. झिरमिळ्या सर्वांत शेवटी. आधी लावल्या तर पुढच्या प्रत्येक हातात त्यातली एक निघून येते.

गडकरी
किल्ल्यासाठी राजगड घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला, म्हणजे चार गट आधीच ठरलेले. जमिनीवर रांगोळीने नकाशा आखा: सुवेळा पूर्वेला, पद्मावती उत्तरेला, संजीवनी नैर्ऋत्येला. बालेकिल्ला दोन फूट, माच्या त्याच्या निम्म्या. आत दगड-विटा, वर गाऱ्यात बुडवलेलं गोणपाट. नुसती काळी माती लिंपली तर दोन दिवसांत भेगा पडतात. एक घमेलं काळी, दोन घमेली तांबडी घ्या. गटांची भांडणं होतात ती माची बालेकिल्ल्याला मिळते तिथे. ती खिंड कोणाची हे आधीच सांगून ठेवा.

हिरवळीला हळीव, पण भिजवून नको. भिजलं की बुळबुळीत गोळा होतो आणि एकाच जागी रान माजतं. कोरडं हळीव कोरड्या वाळूत मिसळून ओल्या गोणपाटावर भुरभुरा. शाळेच्या शेवटच्या दिवशी हिरवा दिसायला हवा तर पाच दिवस आधी पेरा. परतीच्या पावसासाठी प्लास्टिकचा कागद जवळ असू द्या.

सातासमुद्रापार
रविवारच्या मराठी शाळेत हातात एक तास असतो आणि कामट्या मिळत नाहीत. कागदी स्ट्रॉ साधारण 8 इंचांच्याच असतात, त्यामुळे मधलीसुट्टी यांची दोरा ओवायची पद्धत जशीच्या तशी चालते. पतंगी कागदाऐवजी भेटवस्तूत घालतात तो पातळ टिश्यू. त्याला पातळ गोंद चालत नाही, सुरकुत्या पडतात. कांडीचा गोंद घ्या.

नवीबाई
आत दिवा कोणता लावायचा? वर्गात जुना 60 वॅटचा बल्ब पडून आहे.

कामटी
तो नको, बाई. तापतो आणि कागद करपतो. 5 वॅटचा एलईडी पुरे. होल्डरचं वजन कागदावर येऊ देऊ नका, वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना सुतळी बांधून त्याच गाठीवर वायर टांगा. वायर जोडणं आणि बटण दाबणं मोठ्यांनीच करायचं.

नवीबाई
आणि तो उरलेला मैदा?

खळवाले
पुढच्या वर्गाला द्या, तोरणं लावायची राहिलीत त्यांची.