मदत हवी आहे: लायब्ररीचं ई-पुस्तक लॅपटॉपवर उघडतं, रीडरवर नाही

लायब्ररीतून एक ई-पुस्तक २१ दिवसांसाठी घेतलं आहे. लायब्ररीकडून मिळालेली एसीएसएम फाइल (जिच्यावरून पुस्तक उतरवता येतं) लॅपटॉपवर अडोबी डिजिटल एडिशन्स या ई-पुस्तकं वाचायच्या अ‍ॅपमध्ये उघडली, ईपब म्हणजे पुस्तकाची खरी फाइल उतरली आणि तिथे नीट वाचता येतं. यूएसबीने ई-इंक रीडरवर (कागदासारखा पडदा असलेल्या वाचनयंत्रावर) टाकलं, तर मात्र परवानगी नसल्याचा संदेश येतो.

कारण बहुधा सापडलंय. रीडर माझ्या जुन्या अडोबी आयडीवर (अडोबीच्या खात्यावर) नोंदवलेला आहे, लॅपटॉप नव्या. म्हणून लॅपटॉप जुन्या आयडीवर नेऊन तीच एसीएसएम पुन्हा उघडून पाहिली, पण ती आधीच दुसऱ्या आयडीवर वापरली गेल्याचं कळलं. (ही फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, पहिल्यांदा ज्या आयडीवर उघडली त्याच आयडीशी बांधली जाणारी पावती, हे तेव्हा लक्षात आलं.) दोन्ही पासवर्ड माझ्याकडे आहेत. एका आयडीवरच्या ६ उपकरणांची मर्यादाही आड येत नाही, नव्या आयडीवर फक्त लॅपटॉप आहे.

पुस्तक परत करून पुन्हा घ्यायला जावं, तर मागे मोठी रांग आहे. फोनवर वाचणं डोळ्यांना झेपत नाही. आणि कृपया डीआरएम (फाइलवरचं कॉपी रोखणारं कुलूप) काढायचे उपाय सुचवू नका. मुदत संपली की पुस्तक रांगेतल्या पुढच्या वाचकाकडे गेलंच पाहिजे.

आता उरतो एकच मार्ग, रीडरची जुनी नोंदणी काढून तो नव्या आयडीवर आणायचा. पण जुन्या आयडीवर विकत घेतलेली पुस्तकं त्याच रीडरवर आहेत. ती कायमची बंद पडतील, की पुढे जुना आयडी परत घातल्यावर पूर्वीसारखी उघडतील? कुणी स्वतः हे करून पाहिलंय का?