थकलेल्या वृद्धांवर वेगळ्या चाचण्या झाल्याशिवाय उपचार द्यावेत का?

चौकस
औषधांच्या चाचण्यांत ऐंशीच्या पुढचा, काठी टेकत चालणारा, मूठभर गोळ्या खाणारा माणूस सहसा घेतच नाहीत. औषध बाजारात आलं की ते लिहून मात्र त्यालाही देतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेली नेदरलँड्समधली फ्रेल-एएफ चाचणी बघा. हृदयाचे ठोके अनियमित असलेले, ७५ च्या पुढचे, अंगाने थकलेले तेराशेवर रुग्ण. सगळे रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्यांवर (वॉर्फरिनच्या जातीच्या) होते. त्यातल्या निम्म्यांना नव्या गोळ्यांवर नेलं. नव्या गोळ्या जास्त सुरक्षित, असं आधीच्या चाचण्यांवरून सगळे धरून चालले होते. झालं उलटंच! वर्षभरात दखल घेण्याजोगा रक्तस्राव नव्या गोळ्यांवर १५.३ टक्के लोकांना झाला, जुन्यांवर ९.४ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

म्हणून माझं म्हणणं: अशा वृद्धांवर वेगळी चाचणी झाल्याशिवाय कुठलाही उपचार त्यांना सरसकट देऊ नये.

सुलभा
आणि तोवर? चाचणी उभी राहून निकाल यायला वर्षं लागतात. ८६ वर्षांच्या बाईला काय सांगायचं, थांबा म्हणून?

शिवाय तुमचंच उदाहरण घ्या. तो निकाल जुन्या गोळीवर ठीक चाललेल्यांची गोळी बदलण्यापुरता आहे. नव्याने गोळी सुरू करायची असेल त्याच्याबद्दल त्यातून काही कळत नाही. मूत्रपिंड फार बिघडलेले रुग्ण त्यातही नव्हतेच. म्हणजे सगळ्यात थकलेले पुन्हा बाहेर!

चौकस
मान्य, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं. आणखी चाचण्या हव्यात.

सुलभा
संमतीचं काय? स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची सही कोण करणार, मुलगा? सही त्याची, सुया बापाला.

चौकस
गोळी आत्ताही देतातच की. पुढे काय झालं याची कुणी नोंद ठेवत नाही, इतकंच.

फिजिओ
तुम्ही दोघं गोळ्यांतच अडकलात. अशा थकलेपणाची ओळखच मुळात चालण्यावरून आणि पकडीवरून होते. २००१ चे संशोधक फ्राइड यांचे निकष: नकळत वजन घटणं, सततचा थकवा, पकड कमजोर, चाल मंद, हालचाल कमी. पाचातली तीन असली की माणूस 'फ्रेल', म्हणजे अंगाने थकलेला.

व्यायामावर चांगल्या चाचण्या झाल्यात. अमेरिकेतली 'लाइफ', २०१४: बैठं आयुष्य असलेले ७० ते ८९ वयाचे १६३५ जण, सरासरी २.६ वर्षं पाठपुरावा. ४०० मीटर चालणं ज्यांना जमेनासं झालं असे व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, नुसत्या आरोग्यविषयक व्याख्यानांच्या गटात ३५.५.

पण २०२० ची 'स्ट्राइड' घ्या. ५४५१ जण, पडू नयेत म्हणून परिचारिकांमार्फत प्रत्येकाचा वेगळा आराखडा, आणि पडून गंभीर दुखापत होण्याच्या प्रमाणात ठळक फरक नाही. चौकस, तुमचा नियम लावला तर उद्यापासून पडणं टाळायचे प्रयत्न बंद करायचे का?

चौकस
नाही. तिथे तुलनेच्या गटालाही पडण्याबद्दल माहितीपत्रक दिलं होतं, डॉक्टरांशी बोला म्हणून सांगितलं होतं. फरक दिसणं अवघडच होतं. पण तशीच योजना आणखी दहा ठिकाणी राबवायला पैसे मागितले तर मी हा निकाल पुढे करीन.

खडूस_म्हातारा
वय ८४. ज्यांच्यावर चाचण्या घ्यायच्या त्यांच्यातला मी एकटाच इथे दिसतोय.

तुम्ही मोजता काय, ते आधी ठरवा. किती मेले, हे मोजणं सोपं म्हणून तेच मोजतात. मला दोन वर्षं जास्त नकोत, स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाता आलं पाहिजे. २०१७ चा कॉक्रेन (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) आढावा वाचलात का? रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांची औषधं, चालणं, मन, घरची परिस्थिती हे सगळं एकत्र तपासून आखणी करायची, अशा २९ चाचण्या, १३,७६६ रुग्ण. मृत्यूंत जवळपास फरक नाही. पण जिवंत आणि स्वतःच्या घरी असलेले जास्त निघाले. नुसते मृत्यू मोजले असते तर 'उपयोग शून्य' म्हणून फाइल बंद झाली असती.

सुलभा
आजोबा, हे पटलं. मग तुम्ही स्वतः चाचणीत जाल?

खडूस_म्हातारा
जाईन. पण मोजमापाला घरी यायचं. महिन्याला दवाखान्यात बोलावलंत तर जे येऊ शकतात तेवढेच तुमच्या यादीत राहतील. आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर कुणी तोंड वाकडं करायचं नाही.