घर खरेदीचं काम ‘लवकर’ व्हावं म्हणून दिलेले जास्तीचे पैसे : बेळगाव सीमाभागातले अनुभव

अनगोळला एक फ्लॅट पसंत केलाय. इसार दिला, कर्ज मंजूर झालं, आता खरेदीपत्र अडलंय. मधला माणूस म्हणतो, "रांगेनं गेलात तर वेळ लागणार, वरचे थोडे द्या, मी करून आणतो." घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, देऊन मोकळे व्हा. मला आधी कळायला हवं की वरचे दिले तर नेमकं काय लवकर होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात ज्यांनी घर किंवा जागा घेतली, त्यांनी कृपया लिहा. पैसे कशाला दिले आणि पावती मिळाली का, एवढं जरूर सांगा. माणसांची आणि कार्यालयांची नावं नकोत.

वडगावहून

आमचं ई-खात्यावर, म्हणजे पालिकेच्या मिळकतीच्या ऑनलाइन उताऱ्यावर अडलं होतं. ऑक्टोबर 2024 पासून शहरातल्या मिळकतीलाही ई-खाता असल्याशिवाय नोंदणी होत नाही, हे बऱ्याच जणांना ऐन वेळी कळतं. आम्हाला विकणाऱ्या काकांचं नाव जुन्या खरेदीपत्रात एक, घरपट्टीच्या पावतीवर दुसरं आणि आधारवर तिसरं. वडिलांचं नाव कुठं आहे, कुठं नाही. आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदललेलं. एजंटनं "आतून करून देतो" म्हणून पैसे मागितले आणि काकांनी ते दिलेही. महिना उलटला तरी अर्ज जागचा हलला नाही.

शेवटी माझी बायको स्वतः जाऊन बसली. तिला कन्नड वाचता येतं. त्रुटीचा शेरा तिनं वाचला, तेव्हा कळलं की नावातला फरक एकाच व्यक्तीचा आहे असं प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि मिळकतीचा फोटो नव्हता. दोन्ही लावले आणि काम झालं. ते पैसे कुठं गेले कुणास ठाऊक. माझा राग पैशांपेक्षा या गोष्टीवर आहे की शेरा समोर लिहिलेला असताना तो आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही. आपल्यातली निम्मी माणसं कन्नड वाचता येत नाही म्हणून एजंटला पैसे देतात. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला बसवा, तो वाचून सांगेल.

निपाणीहून

मी जास्तीचे दिले, आणि ते सत्कारणी लागले. पण दिले ते वकिलाला. जुन्या वाड्याचा भाग घेत होतो. 1956 च्या 1 नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याआधी आपण मुंबई राज्यात. त्यामुळं आजोबा-पणजोबांच्या काळचे कागद मराठीत, काही तर मोडीत. बँकेच्या वकिलांना मोडी येत नव्हती, आणि मूळ खरेदीखत वाचल्याशिवाय ते अहवालावर सही करायला तयार नव्हते. बरोबरच होतं त्यांचं. कोल्हापूरहून मोडी वाचणारे गुरुजी मिळाले. त्यांनी लिप्यंतर करून सहीनिशी दिलं. वकिलांनीही बाकीची कामं बाजूला ठेवून जुने बोजे तपासले. दोघांची वेगळी फी, दोघांच्या पावत्या. त्या कागदात विहिरीवर भाऊबंदांचा पाण्याचा हक्क निघाला, तो खरेदीपत्रात लिहून घेता आला. असा पैसा द्यायला मला कधीच जड गेलं नाही.

हिंडलग्याजवळून

पंचायत हद्दीत प्लॉट घेणाऱ्यांनो, ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या मिळकतीचा ऑनलाइन उतारा नीट बघा. नमुना 9 आणि 11 अ असेल तर ठीक. 11 ब म्हणजे जागा रीतसर एन.ए. (बिनशेती) झालेली नाही, त्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. आम्हाला 11 ब दाखवून "वरचे द्या, पंधरवड्यात 9 करून देतो" असं सांगितलं होतं. दादांनी साफ नकार दिला. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट नसेल तर कुणाच्या खिशातून 9 निघणार?

खानापूर तालुक्यातून

सर्व्हे नंबरातली काही गुंठे घेत होतो. तेवढ्या तुकड्यासाठी 11 ई नकाशा (तुकडा मोजून काढलेला सरकारी नकाशा) लागतो, म्हणून मोजणीची सरकारी फी भरली. सर्व्हेअर लवकर यावा म्हणून विकणाऱ्यांनी आणखी काही दिले असतील, मला माहीत नाही. नकाशा आला. पण अडलं ते बहिणींच्या सहीवर. विकणाऱ्यांच्या दोन बहिणी, एक पुण्यात, एक इथंच. वंशावळीत नावं आहेत, सही नाही. भाऊ म्हणत होते, "लग्नात सगळं दिलंय." हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, लग्नातल्या देण्याघेण्यानं तो जात नाही. मी भावांना सांगितलं, कार्यालयात द्यायला जे काढून ठेवलंय ते बहिणींच्या वाट्यात घाला. दोघी आल्या, सह्या झाल्या, जेवून गेल्या.

शहापूरहून

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घर त्यांच्या नावावर. "त्यांना उचलून आणा, नाहीतर घरी अधिकारी आणायचे वेगळे लागतील," असं एकानं सांगितलं आणि मोठा आकडा मागितला. नोंदणी कायद्याच्या 31 व्या कलमात आजारी माणसाच्या घरी येऊन दस्त नोंदवायची सोय आहे, त्याची ठरलेली फी आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला, फी भरली, पावती घेतली. अधिकारी घरी आले. सासूबाईंना त्यांनी शांतपणे विचारलं, "आजी, तुमच्या मनानं विकताय ना?" मला ते फार आवडलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

कंग्राळीहून, महसूल खात्यातून निवृत्त

टेबलाखालच्या पैशानं फाइल गठ्ठ्यात वर येते, बस्स. फेरफारावरच्या हरकतीची मुदत कमी होत नाही, वारसाची सही उगवत नाही. अर्ज देताना ‘सकाल’ या मुदतीत सेवा देण्याच्या सरकारी योजनेची पोच मागा, त्यावर जी.एस.सी. क्रमांक, म्हणजे अर्जाचा क्रमांक असतो. ही योजना 2012 पासून आहे. मुदत टळली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, आणि ते जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल होतात. रक्कम किरकोळ आहे, पण उशीर त्याच्या नावावर लागतो आणि ते त्याला नको असतं.

दुसरं, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली तर 7 दिवसांत तक्रार करायला हवी. आपल्याकडं 2022 पासून लाचेच्या तक्रारींचं काम पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडं आलंय. माझ्या नोकरीत मी भली माणसंही पुष्कळ पाहिली, म्हणून आधी रीतसर विचारा.

चिक्कोडीहून

31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी फी 1 टक्क्याची 2 टक्के झाली, तेव्हाची गोष्ट. बातमी आली तेव्हा जेमतेम वेळ होता. 40 लाखांच्या घराला सरळ 40 हजारांचा फरक. एक जण म्हणाला, 15 हजार द्या, जुन्या फीत बसवतो. माझा मसुदा ‘कावेरी’ या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर चढवलेलाच नव्हता, मग तपासणी, भरणा आणि वेळ मिळणं हे सगळं तो कसं करणार होता? नाही दिले. नव्या फीनं नोंदणी केली. 40 हजार गेले, पण चलनावर गेले.

टिळकवाडीहून

अनगोळवाल्या ताई, एक विचारते. तुमच्या मसुद्याची तपासणी झालीय का, की फक्त वेळ मिळत नाहीय? वेळेचाच प्रश्न असेल तर सप्टेंबर 2024 पासून जिल्ह्यातल्या कुठल्याही उपनोंदणी कार्यालयात दस्त नोंदवता येतो. आम्ही शहरातली गर्दी बघून तालुक्याच्या गावी गेलो, सकाळी जाऊन दुपारी परत आलो. आणि तपासणीत परत आला असेल तर त्यावरचा शेरा इथं लिहा, कन्नडमध्ये असला तरी चालेल. मी वाचून सांगते.