आधी ‘माझे’, मग ‘आपले’

अडीच वर्षांचे मूल खेळणी देत नाही म्हणून ते पुढे स्वार्थी होईल, ही भीती मला अनाठायी वाटते. साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात मूल आरशातल्या स्वतःला ओळखू लागते आणि त्याच सुमारास ‘माझे’ हा शब्दही त्याच्या तोंडी येतो. तेव्हा हा हट्ट म्हणजे स्वत्वाची जाणीव उमलल्याची खूण होय. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फोंड्याच्या घरी आमच्या नातवाने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, सगळ्यांना आनंदाने वाटल्या (त्या त्याच्या नव्हत्याच म्हणा!), मात्र आपल्या लाकडी गाडीला चुलतभावाला हातही लावू दिला नाही. ती हिसकावून न घेता ‘तुझे खेळून झाले की त्याची पाळी’ एवढेच आम्ही सांगत राहिलो. गाडी चुलतभावाला मिळाली, पण दुसऱ्या दिवशी.