डार्क मनी : काळा, निनावी की नामानिराळा?

मूळ प्रश्न

अमेरिकेतल्या निवडणूक खर्चावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात 'डार्क मनी', म्हणजे मूळ देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नाही असा प्रचाराचा पैसा, हा शब्द पानोपानी येतो. पहिल्या खर्ड्यात सरळ 'काळा पैसा' लिहून मोकळी झाले आणि चौथ्या पानावर अडले. तिथे लेखक सांगतो की यातला बहुतेक पैसा कायदेशीर आहे, बँकेतून दिलेला आहे, त्यात कर चुकवलेला असेलच असं नाही. आपल्याकडे काळा पैसा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या गादीखालच्या नोटा आणि फ्लॅट घेताना 'वरून' द्यायची रक्कम.

मग 'बेहिशेबी' लिहून पाहिलं. पण हिशेब तर असतो, विवरणपत्रही रीतसर भरलं जातं. 'बेनामी' म्हणावं तर वाचकाला आपला १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा आठवणार, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन. कोणता शब्द वापरू?

आणखी एक शंका. 'नॉनप्रॉफिट'ला मी सगळीकडे 'धर्मादाय संस्था' केलं आहे. ते चालेल ना?

प्रतिसाद

ताई, 'काळा' नकोच. मराठीत काळा हा रंग कमी आणि दोष जास्त असतो: काळाबाजार, काळं कृत्य, काळी यादी. 'डार्क मनी'तला डार्क रंगाचा नाही, उजेडाचा आहे. दिवा न लावलेल्या खोलीत वस्तू असते, पण दिसत नाही. तसा हा पैसा.

हा शब्द २०१० च्या मध्यावधी (तिकडे अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या संसदेच्या) निवडणुकीच्या सुमारास रुळला. तो वापरात आणण्यात वॉशिंग्टनची सनलाइट फाउंडेशन ही सरकारी पारदर्शकतेसाठी काम करणारी संस्था पुढे होती. जिच्या नावातच सूर्यप्रकाश आहे तिने 'डार्क' म्हटलं, तेव्हा विरोध काळ्या-पांढऱ्याचा नसून उजेड-अंधाराचा आहे हे उघड आहे.

शिवाय काळा पैसा लपतो तो कर खात्यापासून. डार्क मनी लपतो मतदारापासून, आणि पैसा लपत नाहीच, नाव लपतं. 'अमुक संस्थेने जाहिरातींवर इतके डॉलर खर्च केले' हे बऱ्याचदा छापून येतं. त्या संस्थेला ते कोणी दिले, तिथे वाट संपते. म्हणून मी 'निनावी पैसा' सुचवतो.

प्रतिसाद (कोलंबस, ओहायो)

मी इथल्या मराठी मंडळाचा सहा वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. 'धर्मादाय' सगळीकडे घातलंत तर लेखाचा गाभाच हरवेल.

अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ५०१ सी हे ना-नफा संस्थांचं कलम. त्याच्या पोटात वीसपेक्षा जास्त प्रकार आहेत. तिसरा प्रकार, ५०१ सी ३, हा खरा धर्मादाय: देवळं, चर्च, शाळा, रुग्णालयं, आणि इथली बहुतेक मराठी मंडळंसुद्धा. त्यांना दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करवजावट मिळते. त्या बदल्यात १९५४ पासून बंधन आहे की कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करायचा नाही. आमच्या गणेशोत्सवात निवडणुकीच्या वर्षी एखादा उमेदवार आला, तर त्याला व्यासपीठावर मत मागू द्यायचं नाही, हे मी कार्यकारिणीला दर वेळी बजावत असे.

चौथा प्रकार वेगळा. ५०१ सी ४ म्हणजे 'समाजकल्याण' संस्था. इथे देणाऱ्याला करवजावट नाही, पण संस्था करमुक्त, आणि तिला राजकारणात उतरायची मुभा आहे. किती? तुम्ही शब्दांची माणसं आहात म्हणून सांगतो, सगळी गोम एका क्रियाविशेषणात आहे. कायद्यात १९१३ पासून लिहिलं आहे की अशी संस्था 'केवळ' समाजकल्याणासाठी चालवलेली असावी. १९५९ साली अर्थखात्याने या वाक्यावर नियम केला, आणि त्यात 'केवळ'चा अर्थ 'मुख्यतः' असा लावला. 'केवळ'मध्ये दुसऱ्या कशालाही जागा नसते. 'मुख्यतः'मध्ये अर्ध्याला थोडं कमी एवढी जागा निघते. टक्केवारी नियमात नाहीच. ५१ टक्के कल्याण आणि ४९ टक्के राजकारण चालतं, ही व्यवहारात रूढ झालेली समजूत. त्यातही एका सी ४ ने दुसऱ्या सी ४ ला दिलेलं अनुदान पहिलीच्या वहीत समाजकल्याण म्हणून मांडता येतं, आणि दुसरी त्यातला मोठा हिस्सा प्रचारात घालू शकते. मग तिसरी, मग चौथी.

२१ जानेवारी २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी कंपन्या आणि संघटनांना स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता केलेल्या, निवडणूक खर्चाची मोकळीक दिली. त्याच निकालात देणगीदार जाहीर करण्याच्या नियमांना मात्र ८ विरुद्ध १ ने पाठिंबा होता. न्यायाधीशांनी नावं झाकायला सांगितलं नव्हतं. नावं झाकली ती या जुन्या 'मुख्यतः'ने.

त्याच वर्षी सुपर पॅकही आले, म्हणजे स्वतंत्र प्रचारासाठी कितीही देणग्या घेऊ शकणाऱ्या समित्या. त्यांना देणगीदार निवडणूक आयोगाला कळवावे लागतात. पण देणगीदार जर सी ४ संस्था असेल, तर यादीत त्या संस्थेचंच नाव येतं. नियम पाळला गेला, आणि वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही.

प्रश्नकर्ती

'केवळ' आणि 'मुख्यतः'! लेखात हे दोन्ही शब्द आहेत, आणि मी दोन्हीकडे 'प्रामुख्याने' लिहून ठेवलं होतं. आत्ताच बदलते. पण विवरणपत्र तर भरलं जातं, मग त्यात नावं दिसत नाहीत का?

प्रतिसाद (कोलंबस, ओहायो)

९९० क्रमांकाचं विवरणपत्र असतं, त्याला 'बी' परिशिष्ट. त्यात ५,००० डॉलर वा अधिक देणाऱ्यांची माहिती भरायची. लोकांना जी प्रत मिळते तीत सी ४ च्या देणगीदारांची नावं झाकलेली असतात. पूर्वी निदान कर खात्याकडे तरी नावं असायची. २०२० च्या नियमानंतर सी ४ संस्थांना ती खात्यालाही कळवावी लागत नाहीत, फक्त स्वतःच्या दप्तरात ठेवायची. वेळेचाही मुद्दा आहे. निवडणूक नोव्हेंबरात होते. त्या वर्षाचं विवरणपत्र पुढच्या मे महिन्यात द्यायचं, आणि मुदतवाढ घेतली तर पुढच्या नोव्हेंबरात. तोवर निवडून आलेला माणूस वर्षभर खुर्चीत असतो.

प्रतिसाद

या विषयात शब्दांच्या माणसांसाठी आणखी एक चीज आहे: 'जादूचे शब्द'. १९७६ च्या बकली विरुद्ध वॅलेओ निकालाच्या ५२ व्या तळटीपेत न्यायालयाने उघड प्रचाराची उदाहरणं दिली: 'मत द्या', 'निवडून आणा', 'पाठिंबा द्या', 'पराभूत करा', 'नाकारा' अशी. हे शब्द असतील तर तो प्रचार, नसतील तर 'प्रश्नांची चर्चा'. तेव्हापासून जाहिराती अशा लिहिल्या जाऊ लागल्या: अमुक सिनेटरने तुमच्या आईच्या औषधांचे पैसे कापले, त्याला फोन करा आणि सांगा की हे बरं नव्हे. 'मत देऊ नका' असं कुठेच नाही. पुढे २००२ च्या कायद्याने प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधीचे ३० दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस उमेदवाराचं नाव घेणाऱ्या रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिराती नियमांच्या कक्षेत आणल्या. एकसष्टाव्या दिवशी मात्र पुन्हा शब्द मोजायचे.

ताई, अशा जाहिरातीला, म्हणजे 'इश्यू अ‍ॅड'ला, 'मुद्द्यांची जाहिरात' म्हणा. 'जनजागृती' म्हणू नका, तो चांगला शब्द आहे.

प्रतिसाद

आपल्याकडे जुना, सुंदर शब्द आहेच की: गुप्तदान. दानपेटीत टाकलं, नाव नाही, गाव नाही.

प्रतिसाद (कोलंबस, ओहायो)

काका, गुप्तदानाला माझा मनापासून विरोध आहे, आणि कारण आमच्या राज्यात घडलेलं आहे.

गुप्तदानात घेणाऱ्यालाही देणारा माहीत नसतो. पुजाऱ्याला ठाऊक नसतं की पेटीतली नोट कोणाची. इथे नेमकं उलट असतं. घेणाऱ्याला नाव पक्कं ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते फक्त मतदाराला.

लॅरी हाउसहोल्डर हे ओहायोच्या प्रतिनिधीगृहाचे माजी अध्यक्ष. 'जनरेशन नाऊ' नावाची एक सी ४ संस्था त्यांच्या ताब्यात होती. फर्स्टएनर्जी ही वीज कंपनी आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांकडून या संस्थेत सुमारे ६ कोटी डॉलर आले. त्या पैशावर २०१८ मध्ये हाउसहोल्डर यांच्या मर्जीतले उमेदवार निवडून आणले गेले, त्यांच्या जोरावर २०१९ च्या जानेवारीत ते अध्यक्ष झाले, आणि जुलैत 'हाउस बिल ६' मंजूर झालं: तोट्यातल्या दोन अणुवीज केंद्रांसाठी सुमारे १.३ अब्ज डॉलरचा आधार, वसुली आमच्या वीजबिलातून. लोकांनी त्याविरुद्ध सार्वमतासाठी सह्या गोळा करायला घेतल्या, तर टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या की चीनचं सरकार ओहायोची वीज ताब्यात घेतं आहे, सही करू नका. खाली नाव होतं 'ऊर्जासुरक्षेसाठी ओहायोवासी' अशा अर्थाचं. मी ओहायोवासीच आहे. ते नाव वाचून हे माझ्यासारखेच कोणी असतील असं मला वाटलं होतं. पैसा जनरेशन नाऊचा होता, म्हणजे वीज कंपनीचा.

हे उजेडात आलं ते एफबीआयच्या तपासामुळे. जुलै २०२० मध्ये अटक, मार्च २०२३ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, जूनमध्ये २० वर्षांची शिक्षा. जनरेशन नाऊ संस्थेनेही गुन्हा कबूल केला. पण ध्यानात घ्या, शिक्षा झाली ती लाचखोरीच्या कटासाठी. नाव न सांगता सी ४ ला कोट्यवधी देणं हा गुन्हा नव्हता, आजही नाही. देवाणघेवाण सिद्ध झाली नसती तर ते ६ कोटी 'समाजकल्याण'च राहिले असते. अशा पैशाला 'दान' म्हणणं मला झेपणार नाही.

प्रतिसाद

वरचं वाचून शब्द सापडला असं वाटतं. 'निनावी'तही तीच अडचण आहे: निनावी पत्र मिळणाऱ्यालाही लिहिणारा माहीत नसतो. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आठवा, 'करून सवरून नामानिराळा'. केलं सगळं, करवून घेतलं सगळं, आणि नाव बाजूला. नाम अधिक निराळा. नामानिराळा पैसा.

हा शब्द एका बाजूचाही नाही, आणि नसावा. उद्योगपती बॅरी सीड यांनी आपल्या कंपनीचे शेअर मार्बल फ्रीडम ट्रस्टला दिले आणि कंपनी विकून ट्रस्टच्या हाती सुमारे १.६ अब्ज डॉलर आले. हा ट्रस्ट पुराणमतवादी कार्यकर्ते लिओनार्ड लिओ यांचा. शेअर विक्रीआधीच दिल्यामुळे भांडवली नफ्यावरचा करही लागला नाही. डाव्या बाजूच्या सिक्स्टीन थर्टी फंडाने एकट्या २०२० मध्ये ४० कोटींहून जास्त डॉलर खर्च केले.

प्रतिसाद

शब्द छान आहे, पण त्यात दोषारोप आहे. नाव झाकण्याला अमेरिकेत एक सन्मानाचा इतिहासही आहे. अलाबामा राज्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली होती. ती उघड झाली असती तर लोकांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात आले असते. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती यादी न देण्याचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने धर्मादाय संस्थांकडून मोठ्या देणगीदारांची यादी मागण्याचा नियम ६ विरुद्ध ३ ने रद्द झाला, तेव्हाही याच निकालाचा आधार घेतला गेला. मला या दोन गोष्टी सारख्या वाटत नाहीत. सत्तेच्या भीतीने नाव लपवणारी शिक्षिका आणि सत्ता घडवून नाव लपवणारी कंपनी यांना एक शब्द पुरू नये. म्हणून पहिलीला 'निनावी' आणि दुसरीला 'नामानिराळा' असा भेद ठेवला तर?

प्रतिसाद

आपले निवडणूक रोखे यात कुठे बसतात?

प्रतिसाद

रोखे २०१८ मध्ये आले, १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. मतदाराच्या बाजूने पाहिलं तर अंधार तोच होता. पण रोखे एकाच दारातून विकले जात, स्टेट बँकेच्या, आणि प्रत्येकावर क्रमांक होता. म्हणून न्यायालयाने आदेश दिल्यावर सुमारे महिन्याभरात खरेदीदार आणि पक्ष यांची जोडी लावता आली. अमेरिकेत असं एक दार नाही. एक दप्तर उघडलं तर पुढे दुसऱ्या संस्थेचं दप्तर. अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये यावर कायदाच केला: मोठ्या प्रचारखर्चामागे ५,००० डॉलरहून जास्त देणाऱ्या प्रत्येकाचं नाव मधल्या संस्था ओलांडून मुळापर्यंत शोधून जाहीर करायचं. त्यातल्या 'ओरिजिनल सोर्स'ला ताई 'मूळ दाता' म्हणू शकतील.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. 'धर्मादाय' आता फक्त सी ३ साठी ठेवते, सी ४ ला 'समाजकल्याण संस्था', आणि दोघींना मिळून 'ना-नफा'. 'मूळ दाता' घेतला. शिक्षिका आणि कंपनीतला भेद पटला, दोन्ही शब्द त्याप्रमाणे वापरेन.

चौथ्या पानावरचं अडलेलं वाक्य आता असं केलं आहे: 'हा पैसा काळा नाही, तो नामानिराळा आहे. ज्याला मिळाला त्याला देणारा ठाऊक आहे, ज्याने मत द्यायचं त्याला नाही.' 'ज्याने मत द्यायचं' हे बोली वाटतं आहे का, एवढं कोणी सांगाल?

प्रतिसाद

बोली आहे. तसंच राहू द्या.