मस्टँगची टाकी खरंच कागदाची होती?

लालनाक्या: मंडळी, १/४८ मापाची पी-५१बी मस्टँग जोडतोय, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचं मॉडेल; इंग्लंडमधल्या डेबडेन तळावरच्या चौथ्या फायटर ग्रुपची. किटमध्ये पंखाखालच्या टाक्यांचे दोन जोड आहेत: ७५ गॅलनचा थेंबासारखा आणि १०८ गॅलनचा नळकांड्यासारखा. दुसऱ्यापुढे ‘कागदी’ असं छापलंय. कागदात पेट्रोल? छपाईची चूक ना?

जुना फिटर: चूक नाही हो. साच्यावर कागदाचे थर गोंदाने चिकटवून नाक, पोट आणि शेपूट असे तीन तुकडे करायचे आणि मग जोडायचे. टाक्या इंग्लंडमध्येच बनत. गॅलन अमेरिकन, म्हणजे एकीत साधारण ४०९ लिटर. वजनाला हलकी, आणि जर्मनीत टाकून दिली तरी शत्रूच्या हाती अॅल्युमिनियम लागत नाही.

खोड एकच: पेट्रोल फार वेळ राहिलं की टाकी मऊ पडून झिरपू लागे. म्हणून उड्डाणाच्या जरा आधीच भरायची. मी जन्मभर विमानांखाली वाकून काम केलंय. टाक्या भरून झाल्यावर मोहीम रद्द झाल्याचा निरोप आला की तिथल्या मेकॅनिकांच्या तोंडून काय निघत असेल, ते मला इथे बसून ऐकू येतं.

टाकीतून पंखात जाणाऱ्या नळीला काचेचा बाक असे. टाकी सोडली की काच फुटायची आणि नळी मोकळी व्हायची. तेवढा तुकडा पारदर्शक ठेवा, बघणारा विचारल्याशिवाय राहणार नाही. टाकीला मंद रुपेरी-करडा द्या, चकचकीत धातूचा रंग नको.

शेपूटजड: सीटमागच्या ८५ गॅलनच्या टाकीचंही सांगा की! ती भरलेली असली की विमानाचा तोल मागे जाई, जोरात वळवलं तर आवरेना. म्हणून वाटेत आधी तीच बरीचशी रिकामी करत, पंखाखालच्यांची पाळी नंतर.

लालनाक्या: म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी टाकून द्यायची वेळ यायची?

जुना फिटर: वाटेतच शत्रूची विमानं अंगावर आली तर यायची. टाकी लटकत ठेवून झुंजणार कसं? मग बर्लिन राहिलं बाजूला, तिथूनच परत.

लालनाक्या: कागदीच लावतो. काचेचा बाक कशाचा करू? बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा जमेल?

शेपूटजड: रिफिल जाड दिसेल. मासेमारीची तंगूस मेणबत्तीजवळ धरून वाकवा. जवळ म्हणजे जवळ, ज्योतीत नाही. माझ्या दोन गेल्या.