मदत हवी आहे: लॅबमधल्या जुन्या इथरच्या बाटल्यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एका छोट्या कंपनीच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये नुकताच जॉइन झालोय. स्टोअरमध्ये डायइथाइल इथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, इथरसारखंच पेट घेणारं सॉल्व्हंट) यांच्या जुन्या बाटल्या सापडल्या, कधी उघडल्या ते लेबलवर लिहिलेलंच नाही आणि एकीच्या झाकणापाशी पांढरे खडे दिसतायत. हवा-उजेड लागून यात पेरॉक्साइड (सहज स्फोट होणारं संयुग) तयार होतं आणि असे खडे असले तर नुसतं झाकण फिरवलं तरी स्फोट होऊ शकतो, म्हणून मी कुणालाच हात लावू दिला नाहीये. साहेब म्हणतात ड्रेनमध्ये ओतून टाका. कसं ओतू? इथर ३५ डिग्रीच्या आतच उकळतं, इथे मे मध्ये ४० च्या वर जातं, वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. त्यात खालच्याच कप्प्यात नायट्रिक अ‍ॅसिड, ते इथरमध्ये मिसळलं तर आग-स्फोट होऊ शकतो, आणि ते वेगळं करायचं तरी त्या बाटल्यांजवळ जावं लागणारच ना.

खडेवाल्या बाटलीसाठी कोणाला बोलवायचं, फायर ब्रिगेड का घातक कचरा नेणारी एजन्सी? आणि साहेबांना लेखी काय देऊ म्हणजे ते ऐकतील? सकाळी झाडू मारायला मावशी त्याच खोलीत येतात, त्यांची फार काळजी वाटतेय. कुणी हे हाताळलं असेल तर प्लीज लवकर सांगा.